दुखणं किती आणे?

नांदेडला जाणारी एसटी वारंगा फाट्यावर थांबली, तेव्हा मागच्या सीटवरची बाई घामानं निथळत होती. एप्रिलचा शेवटचा आठवडा. खिडकीतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा, आणि तरी तिनं डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं आवळून घेतलेलं. उन्हाच्या दिवसांत बायका स्कार्फ बांधतातच, त्यात काही नवल नाही. नवल होतं ते आत. हनुवटीपाशी कापड जरा सरकलं आणि खाली प्लास्टिक चकाकलं. किराणा बांधून देतात तसली पातळ पिशवी कापून गालांवर चिकटवलेली, आणि तिच्याखाली पांढऱ्या मलमाचा जाड थर.

दोन सीट पुढं बसलेल्या सिस्टरांनी ते पाहिलं आणि त्या उठून मागं गेल्या.

“हे काय लावलंय?”

“बधिरीचं मलम हाय ताई. तिथं गेल्यावर तासभर बसवून ठेवायलेत. म्हनलं बाळापुरातच लावावं. नांदेड येईस्तोवर तोंड बधिर व्हतंय, परतीची गाडी बी गावते.”

हिशोब चोख होता. आखाडा बाळापूर ते नांदेड एसटीनं तास-सव्वा तास लागतो, आणि मलम मुरायलाही तेवढाच. सिस्टरांनी काही समजावून सांगितलं नाही. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आपला रुमाल भिजवला आणि चालत्या गाडीत तिचं तोंड पुसून काढलं. अर्धापूर जाईपर्यंत रुमाल तीनदा पिळून झाला होता. कंडक्टर बघत राहिला. त्या दिवशी डॉक्टरांनी तिला लेसर न करताच परत पाठवलं. ती बरीच खट्टू झाली.

सिस्टरांना आलेला राग साधा नव्हता. त्याला एक जुनी बातमी कारण होती. त्वचेवर लावून बधिर करायचं मलम म्हणजे बहुतेक वेळा लिडोकेन आणि प्रिलोकेन, प्रत्येकी अडीच टक्के. ते चेहऱ्याच्या छोट्याशा भागावर, मापानं आणि नजरेसमोर लावलं तर निर्धोक. पण अमेरिकेत लेसरनं केस काढायला निघालेल्या दोन तरुणींनी, एक २२ वर्षांची आणि एक २५ वर्षांची, घरीच पायांना याहून कडक मलम फासलं, वरून प्लास्टिक गुंडाळलं आणि वाटेला लागल्या. औषध रक्तात उतरलं. दोघींना झटके आले, दोघी बेशुद्धीत गेल्या आणि त्यातच दगावल्या. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्यावर जाहीर इशारा दिला. मोठ्या भागावर लावणं, झाकून ठेवणं आणि उष्णता, या तिन्हींनी औषध जास्त शोषलं जातं. बसमधली बाई फक्त चेहऱ्यापुरती थांबली होती, हे तिचं नशीब. बाकी प्लास्टिक होतं, आणि एप्रिलमधली एसटीही होती.

सिस्टर बाळापूरच्याच. गेली अकरा वर्षं नांदेडच्या एका त्वचेच्या दवाखान्यात नोकरी. लेसर डॉक्टर चालवतात. पण खुर्चीतल्या माणसाला किती दुखायचं, हे बरंचसं सिस्टरांच्या हाती असतं. गावात लोक त्यांना “लायटिंगवाल्या ताई” म्हणतात. त्यांना ते नाव आवडत नाही, पण ओ देतात.

चेहऱ्यावरच्या ज्या लाल रेषांसाठी ही माणसं येतात, त्यांना सगळे फुटलेल्या नसा म्हणतात. खरं तर त्यातलं काही फुटलेलं नसतं. केसापेक्षा थोड्या जाड, फार तर मिलिमीटरभर रुंदीच्या रक्तवाहिन्या कायमच्या सैलावून पसरलेल्या असतात, धुऊन धुऊन ताणलेल्या इलॅस्टिकसारख्या. नाकपुडीच्या कडेला एखादा लाल दोरा, गालावर जाळी. सावळ्या कातडीवर ती पटकन दिसतही नाही. बाया लाली सांगत नाहीत, आग सांगतात. “चुलीपुढं बसलं की तोंड पेटतंय.” हळद काढणीनंतर शिजवणीचे दिवस आले, कुकरच्या वाफेशी उभं राहायची वेळ आली, की ही तक्रार हमखास वाढते.

ऊन, वय, रोझेशियासारखे आजार ही कारणं आहेतच. पण सिस्टरांच्या रजिस्टरात सगळ्यात जास्त भरणा आहे तो मलमांचा. वांगासाठी, पुरळासाठी किंवा नुसतं उजळ दिसावं म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेली वीस-पंचवीस ग्रॅमची ट्यूब. तिच्यात मोमेटासोन, बीटामेथासोन, नाहीतर थेट क्लोबेटासॉल. पहिला महिना चेहरा उजळतो, मैत्रिणी विचारतात काय लावतेस. मग कातडी पातळ होते आणि खालच्या वाहिन्या वर दिसू लागतात. कोलकात्याच्या डॉ. कौशिक लाहिरी आणि डॉ. अरिजित कुंडू यांनी या चेहऱ्याला नावच दिलं आहे: स्टिरॉइडनं बिघडलेला आणि स्टिरॉइडवर अवलंबून राहिलेला चेहरा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरातल्या एका पाहणीत चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण असली मलमं लावत होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. ती विकली जातात, हे सांगायला कुठल्या पाहणीची गरज नाही.

लेसरचं तत्त्व ऐकायला सोपं आहे. बोस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ साली ते मांडलं: प्रकाशाचा रंग असा निवडायचा की तो रक्तातल्या हिमोग्लोबिननं शोषावा, आणि ठोका इतका छोटा ठेवायचा की वाहिनी तापून मिटावी, पण उष्णता शेजारी पसरायच्या आत प्रकाश थांबावा. गोऱ्या कातडीवर हे छान जमतं. आपल्याकडे मध्ये मेलॅनिन उभं असतं. रक्तासाठी सोडलेला प्रकाश ते वाटेतच गिळतं, आणि तापते ती वरची कातडी. त्यामुळे सावळ्या चेहऱ्यावर डॉक्टर बहुधा १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर घेतात. मेलॅनिनला तो कमी झोंबतो आणि खोल जातो. पण रक्तही त्याला कमी शोषतं, म्हणून ताकद वाढवावी लागते. अर्थात दुखतंही जास्त. चेहऱ्याची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस मुळातच हळवी. त्यात नाकपुडीची कड आणि वरचा ओठ म्हणजे कळस. एकेक ठोका डोळ्यांतून पाणी काढतो. रडू येत नसतं, पाणी आपोआप येतं. हे आधी सांगून ठेवलं नाही, तर बाया लाजतात.

मग सगळं बधिरच का करून टाकत नाहीत? सिस्टरांनाही पहिली दोन वर्षं हाच प्रश्न पडायचा.

त्याचं एक उत्तर मलमातच आहे. बधिर करणारं मलम लावून तास झाला की कातडी पांढुरकी पडते, कारण वाहिन्या आकसतात. ज्यांच्यावर नेम धरायचा, त्याच दडी मारून बसतात. जन्मखुणांवरच्या लेसरचे काही अभ्यास सांगतात की यानं गुण कमी येत नाही. पण गालावरचा बारीक लाल दोरा दिसायचाच बंद झाला, तर डॉक्टर ठोका मारणार कुठं? म्हणून मलमाआधी फोटो काढायचा आणि रेषांच्या टोकांना खूण करायची. इंजेक्शननं डोळ्याखालची नस बधिर करता येते. गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ तासाभरासाठी लाकूड होतो. तिथंही औषधात अ‍ॅड्रेनालिन चालत नाही, त्यानं वाहिन्या आणखी मिटतात. डॉक्टर हे इंजेक्शन क्वचितच वापरतात.

दुसरं उत्तर सिस्टरांना एका बाईनं शिकवलं. ते त्यांना अजून आठवतं.

पस्तिशीची, रोजानं हळदीच्या शेतात जाणारी. खुर्चीत ताठ बसली. पदर मुठीत इतका घट्ट धरलेला की बोटांची पेरं पांढरी. डोळ्यांवर संरक्षक कवच असल्यामुळे ठोका कधी येतो हे तिला दिसत नव्हतं. दर चार-पाच ठोक्यांनंतर डॉक्टर विचारायचे, दुखतंय का? दर वेळी एकच उत्तर: “नाही ना, काहीच नाही दुखायलं. मारा तुम्ही.” डॉक्टर मारत गेले. मलमानं गाल आधीच पांढुरका होता, त्यामुळे कातडी राखाडी पडू लागली तर दिसते, ती खूणही झाकली गेली. दुसऱ्या दिवशी नाकाशेजारी ज्वारीच्या दाण्याएवढा फोड आला. फोड आठ दिवसांत गेला. त्याच्या जागचा काळा डाग जायला बरेच महिने लागले. सिस्टरांनी नंतर विचारलं, “मावशी, पोळत होतं तर बोलला का नाहीत?” तिनं जे सांगितलं त्यावर काय म्हणावं, ते सिस्टरांना कळेना. “बाईनं बोंबलायचं व्हय एवढ्यासाठी? तीन बाळंतपणं केली घरात.”

चूक तिची नव्हती. जिथं सोसण्याचं कौतुक होतं, तिथं “दुखतंय का” हा प्रश्न म्हणजे परीक्षा. आणि परीक्षेत कोण नापास होईल? तेव्हापासून सिस्टरांनी तो प्रश्न विचारणं सोडलं.

आधी त्यांनी शून्य ते दहाचा आकडा वापरून पाहिला. दवाखान्याच्या भिंतीवर तसा तक्ता होताच, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहरे काढलेला. शाळा शिकलेल्या पोरी बरोबर सांगायच्या. मोठ्या बाया मात्र गोंधळायच्या. कुणी म्हणे दोन, कुणी म्हणे शंभर. मग एका आजीनंच वाट दाखवली. गालाच्या आगीविषयी ती सहज म्हणाली, “आता बारा आणे कमी हाय.” सिस्टरांनी तिथंच तक्ता उतरवला. दशमान पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले. पण फरक पडला की आजही आपण आठ आण्यांनीच मोजतो. सोळा आण्यांचं दुखणं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आता पहिला ठोका कानापुढं, जिथं दिसणार नाही अशा जागी, आणि लगेच प्रश्न: किती आणे? चार-सहा आण्यांत काम चालू. आठाच्या वर गेलं की डॉक्टर थांबतात आणि गार हवा, ताकद, जागा यातलं काहीतरी बदलतात.

आण्यांबरोबर शब्दही लागतात. माँट्रियलचे रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदनेसाठी ७८ शब्दांची प्रश्नावली तयार केली. जगभर ती वापरतात. सिस्टरांच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर त्यांची स्वतःची यादी आहे, बॉलपेननं उतरवलेली, मध्येच चहाचा डाग: चटका. टोचणी. चुरचुर. झिणझिण्या. मुंगी चावल्यावानी. रबर तुटल्यावानी. कळ. ठणका. भाजायलंय. पोळलं. पहिले सहा हिरव्या शाईत, कळ आणि ठणका काळ्यात, शेवटचे दोन लाल. चटका बसतो आणि विझतो, पुढच्या ठोक्याआधी नाहीसा झालेला असतो. तो कामाचाच भाग. पोळणं मागं राहतं. ठोका संपला तरी जागा आतून तापत राहते. सावळ्या चेहऱ्यावर डोळ्यांना काही दिसायच्या आधी ही बातमी खुर्चीतल्या माणसाला मिळालेली असते. म्हणून लाल शब्द कानावर आला की सिस्टर डॉक्टरांची वाट बघत नाहीत, सरळ हात वर करतात. पूर्ण बधिर झालेला गाल हे सांगूच शकत नाही. सिस्टरांचं सगळं काम आता या एका समजुतीवर चालतं: दुखणं सोसण्याइतकं कमी करायचं, पण त्याचं तोंड बंद करायचं नाही.

कमी करण्याचं मुख्य साधन म्हणजे गारवा. लेसरच्या टोकाला नीलमण्याची काच असते. ती गार होऊन कातडीला टेकते. शिवाय एक नळी उणे तीस अंशांच्या आसपासची हवा फुंकत राहते. गारव्यानं वरची कातडी वाचते आणि नसही सुस्तावते. एका दगडात दोन पक्षी म्हणतात, ते इथं खरं आहे. फार गार केलं तर वाहिन्या पुन्हा आकसतात, त्यामुळे बर्फाचा खडा धरून बसण्यातही अर्थ नाही. वीज गेली आणि हवेची नळी बंद पडली, तर लेसर चालू असला तरी ठोका मारायचा नाही, हा दवाखान्याचा नियम आहे. मे महिन्यात तो बऱ्याचदा पाळावा लागतो.

बाकीची साधनं फुकट आहेत. ठोक्याच्या शेजारी बोटानं दाबून धरायचं. मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला ‘गेट’चा सिद्धांत हेच सांगतो: स्पर्शाचा निरोप वाटेत असला की वेदनेचा निरोप अडखळतो. लेकराला लागल्यावर आई चोळते, फुंकर घालते, ती काय वेगळं करते? डोळे झाकलेल्या माणसाला मोजून सांगायचं. अचानक आलेला ठोका जास्त लागतो. गालावर काम चालू असताना सिस्टर प्रश्न विचारतात: हळद कुठली लावली, सेलम का? किती क्विंटल उतरली? वसमतला नेली की हिंगोलीला? भाव सांगताना माणूस रागानं किंवा आनंदानं इतका बोलतो की दहा ठोके कसे गेले ते त्याला कळत नाही. वरच्या ओठावर आलं की रुग्णानं बोलायचं नाही, म्हणून तेव्हा सिस्टर बोलतात. त्यांच्याकडे एसटीतले बरेच किस्से साठले आहेत.

झाल्यावर गाल दिवसभर सुजल्यासारखा राहतो. जेलची थंड पिशवी, लागलीच तर पॅरासिटामॉल, सनस्क्रीन. आणि एक बंधन, जे या भागात सगळ्यांत अवघड जातं: हळद लावायची नाही. घरची, शुद्ध, स्वतः शिजवून वाळवलेली असली तरी नाही. “सगळ्या जगाला जाते आमची हळद, आन् आमालाच नाही?” असं एक काका म्हणाले होते. ताज्या लेसरवर कुठलंच घरगुती काही नको, एवढं सांगून सिस्टर विषय संपवतात. लग्नसराईच्या तोंडावर आलेल्या नवरीलाही त्या परत पाठवतात. ऊन आणि हळद, दोन्हींतून तिची सुटका नसते.

एक दुखणं मात्र ना गार हवेला दाद देतं, ना मलमाला. ते लेसरच्या आधीचं. स्टिरॉइडची ट्यूब बंद केली की आठ-पंधरा दिवसांत चेहरा उसळतो. लालभडक होतो, पुरळ येतं, साध्या पाण्यानंही आग होते. डॉक्टर त्याची औषधं देतात. पण त्यातल्या काहींची स्वतःचीच पहिले काही दिवस चुरचुर होते. हे निवल्याशिवाय लेसर करता येत नाही, आणि निवायला काही आठवडे ते काही महिने लागतात. याच काळात बाया पुन्हा ट्यूबकडे वळतात, कारण ती लावली की दोन तासांत थंड वाटतं. रात्री अकराला सिस्टरांचा फोन वाजतो. पलीकडून कुजबुज, घरातले झोपलेले: “ताई, लई आग व्हायली. थोडी लावू का? बोटाच्या टोकावर?” लेसरच्या खुर्चीत सिस्टरांचा हात पोहोचतो, तिथं पोहोचत नाही. तेव्हा त्याही आणेच विचारतात. चौदा म्हटलं की ओला रुमाल ठेवायला सांगतात, अर्ध्या तासानं परत फोन करायला सांगतात. अर्ध्या तासानं दहा होतात. कधी होत नाहीत. सिस्टरांच्या मते वेदना सांभाळण्याचं खरं काम या फोनवर होतं, आणि त्याची नोंद करायला रजिस्टरात रकाना नाही.

बसमधली ती बाई दिवाळीनंतर आली. स्कार्फ होता, खाली प्लास्टिक नव्हतं. ट्यूब सोडून पाच महिने झाले होते. त्यातले पहिले दोन कसे गेले, हे फोनमुळे सिस्टरांना ठाऊक होतं. मलम दवाखान्यातच लावलं, घड्याळ लावून, आणि पुसून काढलं. पहिला ठोका कानापुढं. किती आणे? ती जरा थांबली. “पाच.” गाल झाला. नाकपुडीवर दुसऱ्याच ठोक्याला तिनं न विचारता सांगितलं, “बारा. पोळलं.” डॉक्टरांनी हात मागं घेतला, ताकद उतरवली, नळी जवळ आणली. त्या दिवशी नाकाची एकच बाजू झाली, दुसरी पुढच्या महिन्यावर गेली. परतीची गाडी चुकली. फोड आला नाही.

मांडीवर तिनं एक कापडी पिशवी धरली होती. निघताना ती सिस्टरांपुढं उलटी केली: चार ट्यूबा, तीन पिळून चपट्या केलेल्या, एक अर्धी. नावं वेगवेगळी, आत औषध जवळपास एकच. कुणी काय लावलं, किती दिवस लावलं, हे रुग्णाला आठवत नाही आणि डॉक्टरांना त्याशिवाय लेसरची तारीख ठरवता येत नाही. तेव्हा नांदेडला असो, हिंगोलीला असो, चेहरा दाखवायला जाताना घरातली ट्यूब फेकू नका. रिकामी असली तरी बरोबर न्या.